अक्काचा गोली

अक्काबरोबर मी फुटबॉलचे वीसेक सामने पाहिले असतील. त्यांत आमच्या संघाने केलेला एकही गोल तिने धड पाहिला नाही. चेंडू समोरच्या टोकाला असायचा, आमच्या कारखान्याची माणसं उठून ओरडायला लागायची, आणि अक्का कठडा धरून बरोबर उलट्या बाजूला, आमच्या गोलीकडे, म्हणजे गोलकीपरकडे, बघत उभी असायची. मला आधी वाटलं, हिला ताण सहन होत नसेल. विचारलं तर म्हणाली, "गोल व्हायलाय ते सगळं गाव बघतंय. आपला गोली त्या वेळी कुठं उभा आहे ते कोण बघणार? पुढचा धोका तिथंच असतोय की."

ती आमच्या कारखान्यातली टेलिफोन ऑपरेटर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न करून मी पुण्याहून बेंगळुरूला आले आणि चार महिन्यांत यशवंतपूरच्या त्या कारखान्यात, तिच्या शेजारच्या खुर्चीवर, दुसरी ऑपरेटर म्हणून लागले. पहिल्याच दिवशी मी "अहो अक्का" म्हटलं. "अहो कशाला? मी काय तुझी सासू आहे?" असं म्हणून तिने हेडफोन माझ्या कानांवर चढवला. खानापूरकडची होती, तिकडच्या बायकांसारखी स्वतःबद्दलही 'येतो, जातो' म्हणायची. वडील बेळगावच्या कॅम्पात पलटणीच्या भटारखान्यात होते, आणि तिथल्या मैदानाच्या कडेला ती लहानपणापासून फुटबॉल बघत आली होती. नवरा फाउंड्रीत. त्याला कॅरमशिवाय कशातही रस नव्हता. शनिवारी अर्धा दिवस असायचा, तेव्हा सामन्याला मीही तिच्याबरोबर जायचे. इतर दिवशी संघाचा सामना असला की अक्का अर्ध्या दिवसाची रजा टाकायची, आणि दुपारनंतर फोनवर माझा आवाज आला की अख्ख्या कारखान्याला कळायचं, आज मॅच आहे.

बोर्डावर तिचा एकच नियम होता. "कानात आलेलं कानातच ठेवायचं." त्या काळी आमचा बोर्ड हाताने चालवायचा होता. कॉर्ड लावायची, किल्ली दाबायची, दोन्ही बाजूंचे आवाज जुळले की आपण बाजूला व्हायचं. पण बाहेरगावची लाइन खराब असली की मध्ये थांबावं लागे, एकाचं वाक्य दुसऱ्याला पुन्हा सांगावं लागे. त्यामुळे कुणाची बदली होणार, कुणाच्या घरी काय चाललंय, सगळं आम्हांला आधी कळायचं. अक्काने सोळा वर्षांत त्यातला एक शब्द बाहेर जाऊ दिला नव्हता. मी एकदा कॅन्टीनमध्ये कुणाच्या तरी बढतीबद्दल हसत काहीतरी बोलून गेले, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आणि तिचा जीव होता सेल्वमवर. सेल्वम आमचा गोली. पेंट शॉपमध्ये काम करायचा, पस्तिशीला आलेला, फुटबॉलवेड्या ऑस्टिन टाउन वस्तीत वाढलेला. उंची बेताची, डावा गुडघा अधूनमधून दगा देणारा. पण आवाज असा की गॅलरीच्या शेवटच्या पायरीवर ऐकू यावा. उंच चेंडू आला की तो "बिडू!" म्हणून ओरडायचा, म्हणजे 'सोड', आणि आमचे बचावातले सगळे खेळाडू एका क्षणात बाजूला व्हायचे. अक्का म्हणायची, "गोली हातानं खेळत नाही ग, आवाजानं खेळतोय." सामन्यानंतर ती त्याला कठड्यापाशी बोलावून फैलावर घ्यायची. कन्नडमध्ये. "दुसऱ्या हाफात तू दोनदा झोपला होतास." तो मान खाली घालून ऐकायचा. "सरी अक्का, सरी."

त्या वर्षी संघाची दैना झाली. दोन चांगले खेळाडू बँकेच्या संघात गेले, आणि लीग संपली तेव्हा आम्ही तळाला, दुसऱ्या एका संघाशी बरोबरीत. वरच्या डिव्हिजनमध्ये कोण राहणार हे ठरवायला दोघांत एक प्ले-ऑफ होणार होता. शनिवारी, दुपारी साडेतीनला. संघातली सहा मुलं कारखान्यात तात्पुरती होती. संघ वर राहिला तर कायम, नाहीतर त्यांचं काही खरं नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिवाय कारखान्याचा खर्च आवळायचे दिवस होते. खाली गेलेला संघ कोण पोसणार?

गुरुवारी दुपारी पर्सोनेल मॅनेजर साहेबांनी मुख्य कचेरीला ट्रंक कॉल मागितला. क्रीडा समितीचे अध्यक्षही तेच. लाइनवर नुसती खरखर. पलीकडच्या साहेबांना काही ऐकू येईना. तेव्हा आमच्या साहेबांनी अक्काला सांगितलं, तुम्ही सांगा त्यांना. मी शेजारी बसले होते. अक्का तिच्या मोडक्या इंग्रजीत, मोठ्याने, एकेक शब्द तोडून सांगत होती: शनिवारी सेल्वम बाहेर बसणार. तुम्ही पाठवलेला नवा गोली खेळणार. हो, ठरलं आहे. सेल्वमला आत्ता सांगत नाही, मैदानावरच सांगू.

तिने कॉर्ड काढली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. अर्ध्या तासाने पेंट शॉपचा दिवा लागला. सेल्वमच होता. मी उचलणार तोच तिने माझा हात बाजूला केला.

"अक्का, शनिवारी लवकर या. तुम्ही दिसला नाहीत तर मला बरं वाटत नाही."

"येतो की," ती म्हणाली. आणि वर, "गुडघ्याला शेक दे. नीट जेव."

फोन ठेवून ती पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आली नाही. परत आल्यावर मी हळूच म्हटलं, "अक्का, सांगून टाक ना त्याला. पेंट शॉपमधली माणसं गप्प बसणार नाहीत. समितीला ऐकावंच लागेल."

"बोर्डावरचं आहे ते."

"मग काय, बघत बसायचं?"

तिने पुढची कॉर्ड लावली. पण शुक्रवारी सकाळी आली ती कागद घेऊनच. मला म्हणाली, "टाइप करून दे. इंग्लिश नीट घाल." तो तिच्याच विरुद्धचा अर्ज होता. मी अमुक अमुक ऑपरेटर, गुरुवारी बोर्डावर कामाच्या निमित्ताने ऐकलेल्या गोष्टीविषयी आज वरिष्ठांशी बोलणार आहे, हे नियमाविरुद्ध आहे याची मला जाणीव आहे, योग्य ती कारवाई व्हावी. माझी बोटं चालेनात. "अक्का, नोकरी जाईल."

"ज्याचं बोलणं ऐकलं त्याच्या तोंडावर बोलतो. दुसरीकडं नाही. टाइप कर."

केबिनमध्ये काय झालं ते तिने मला पुढे केव्हातरी सांगितलं. साहेबांनी अर्ज वाचला आणि हसून विचारलं, "तुम्ही ऑपरेटर आहात की कोच?" ती म्हणाली, "ऑपरेटर आहे, म्हणूनच आलोय. आवाजातलं मला कळतंय. साहेब, नवा मुलगा चांगला आहे. उंच आहे, उडी चांगली आहे. पण येऊन तीन आठवडे झालेत. त्याला ना कन्नड येतं ना तमिळ. दोन मॅचमध्ये बघितलंय मी, तो तोंड उघडत नाही. आपल्या स्टॉपरला, त्या मधल्या बचाववाल्याला, सेल्वमच्या हाकेची सवय आहे. हाक आली नाही तर तो वाट बघत उभा राहणार. पुढच्या वर्षी खेळवा त्या पोराला. उद्या नको." साहेबांनी अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. "वरून सांगितलेलं आहे, अक्का. आणि सेल्वमचं वय झालं." एवढंच.

शनिवारी स्टेडियम निम्मं तरी आमच्या लोकांनी भरलं होतं. संघ धावत बाहेर आला, आणि गोलीच्या जर्सीत तो उंच मुलगा दिसल्यावर गॅलरीत एकदम कुजबुज सुरू झाली. सेल्वम ट्रॅकसूट घालून बाकावर बसला होता. त्याने मान वळवून आमच्या कठड्याकडे पाहिलं. अक्काने हात वर केला नाही. तिने कठडा दोन्ही हातांनी धरला होता, आणि तिची नजर त्या नव्या मुलावर खिळली होती.

मुलगा वाईट खेळला नाही, हे सांगितलं पाहिजे. पहिल्या हाफात त्याने एक जोरदार फटका बारवरून काढला, तेव्हा आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्का मात्र पुटपुटत होती. "बोल. बोल रे बाबा. तोंड उघड." दुसरा हाफ सरत आला, कुणाचाच गोल नाही. बरोबरी राहिली तर जादा वेळ होता. पाचसहा मिनिटं उरली असतील. त्यांच्या मधल्या फळीतल्या एकाने एक उंच चेंडू टाकला. तसा काही खास नव्हता. आमचा स्टॉपर मागे सरकला, चेंडूखाली आला, आणि थांबला. गोली दोन पावलं पुढे आला, आणि थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चेंडू दोघांच्या मध्ये पडून उसळला, आणि त्यांच्या बुटक्या फॉरवर्डने तो नुसता पायाने आत ढकलला.

माझ्या शेजारी काच फुटल्यासारखा आवाज झाला. अक्काने हात कठड्यावर आपटला होता. बांगड्या फुटून मनगटातून रक्त येत होतं. मग ती वळली, आणि खुर्च्यांवर बसलेल्या मॅनेजर साहेबांकडे बघून मराठीत ओरडली, "हाक नव्हती! हाक नव्हती हो साहेब! सांगितलं होतं की नाही?" साहेबांना मराठी येत नव्हतं. पण तिचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. रोज सकाळी 'गुड मॉर्निंग' म्हणणारा तो आवाज असा फाटलेला कुणी ऐकला नव्हता. आसपासची माणसं वळून बघायला लागली.

शिट्टी वाजली तेव्हा नवा मुलगा गोलच्या खांबाशी बसून राहिला होता. वरून शिव्या येत होत्या, कुणीतरी संत्र्याची सालं फेकली. बाकावरून उठून सेल्वम चालत तिथपर्यंत गेला, त्याला उठवलं, आणि खांद्यावर हात टाकून आत घेऊन गेला. अक्काने ते पाहिलं. मी तिच्या हाताला रुमाल बांधत होते. "घरी चल," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात समितीचा अहवाल फलकावर लागला. पराभवाचं कारण म्हणे संघातले वय झालेले खेळाडू. जो सामन्यात उतरलाच नव्हता, त्या सेल्वमचं नाव त्या यादीत सर्वांत वर होतं. सहाही तात्पुरत्या मुलांना महिनाअखेर घरी पाठवलं, नव्या गोलीला त्याच्या गावी. ड्रॉवरमधला अर्जही बाहेर आला. अक्काला मेमो मिळाला आणि बोर्डावरून उचलून डिस्पॅचमध्ये टाकलं. पाकिटांवर पत्ते लिहायला. लोकांना वाटलं, साहेबांवर ओरडली म्हणून. तिने कुणालाच खरं सांगितलं नाही.

सेल्वमला मात्र कळलं. साहेबांच्या शिपायाकडून असेल. जेवणाच्या सुट्टीत तो डिस्पॅचमध्ये आला, तेव्हा मी डबा घेऊन अक्काजवळ बसले होते. तो उभाच राहिला.

"अक्का, मी गुरुवारी फोन केला तेव्हा तुम्हांला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तुम्ही सांगितलं, नीट जेव."

अक्काने हातातला घास डब्यात ठेवला.

"एक शब्द सांगितला असता तर पेंट शॉपने काम बंद केलं असतं. मी खेळलो असतो. ती सहा पोरं आज इथं असती." त्याचा तो मोठा आवाज पार खाली गेला होता. "तुम्ही साहेबाला सांगितलंत. मला नाही."

तो गेल्यावर अक्काने डबा झाकला. मी म्हटलं, "तू बरोबरच केलंस." तेव्हा ती माझ्यावर चिडली. "तुला काय ठाऊक? मला अजून कळलेलं नाही, तुला कसं कळलं?" त्या दिवशी मला प्रथमच जाणवलं, की गुरुवारी ते वाक्य मीही ऐकलं होतं आणि सेल्वमला सांगायला मलाही तोंड होतं. ते मी अक्काच्या नियमामागे झाकून ठेवलं होतं.

सेल्वम तिच्याशी बोलायचा बंद झाला. गेटवर समोर आला तरी मान फिरवायचा. वर्षभराने संघच बंद केला. आणखी दीड वर्षाने आपोआप चालणारा नवा बोर्ड आला, आणि पाठोपाठ स्वेच्छानिवृत्तीची योजना. अक्का आणि तिचा नवरा दोघांनीही अर्ज दिले. खानापूरला घर होतं, थोडी शेती होती. "आता तिकडं कोंबड्या पाळतो," ती म्हणाली. दर शनिवारी मात्र ती शेवटपर्यंत स्टेडियमवर जात राहिली. दुसऱ्यांचे सामने बघायला. कधीकधी मला ओढून न्यायची, आणि त्या परक्या गोलींच्याही चुका मला सांगत बसायची. घरी येताना मात्र प्रत्येक वेळी त्या शनिवारवर यायची. स्टॉपर एक पाऊल मागे असता तर. मी पेंट शॉपला फोन लावला असता तर. मी ऐकत राहायचे.

यशवंतपूर स्टेशनवर मी तिला सोडायला गेले. दुपारची गाडी होती. दोन ट्रंका, गाद्यांची वळकटी, आणि पाच-सहा माणसं. गाडी लागली आणि नवरा हमाल शोधायला निघाला, तेवढ्यात मागून कुणीतरी येऊन मोठी ट्रंक उचलली आणि डब्यात चढवली. सेल्वम होता. कानांजवळचे केस पिकायला लागले होते. दुसरी ट्रंकही त्याने आत नेली, बाकाखाली सरकवली, आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिला. 

मग तो म्हणाला, "अक्का, जाऊ द्या आता. त्या दिवशी मी असतो, तरी कदाचित तो चेंडू सुटलाच असता. गुडघा दुखत होता माझा."

अक्काने खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून त्याचं मनगट धरलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता.

"खोटं बोलू नको. तू बाहेर आला असतास. हाक मारून बाहेर आला असतास, आणि चेंडू तुझ्या हातात असता."

सेल्वमने मान डोलावली.  गाडी हलली तरी ती त्याचं मनगट सोडत नव्हती, आणि तो फलाटावरून तिच्या बरोबरीने, त्या दुखऱ्या गुडघ्याने, चालत राहिला.