बुरुलचाएजेंचा दिवा

किर्गिझस्तानातल्या ओशच्या रुग्णालयात बुरुलचाएजेंच्या कपाटातलं स्पिरिट मी प्यालो, हे मला आजवर कुणी विसरू दिलेलं नाही. एकटा नव्हतो; सहकाऱ्याला मुलगी झाली होती, काझी, म्हणजे घोड्याच्या मांसाचं सॉसेज, आली होती, आणि काझी कोरडी खाणं म्हणजे आमच्याकडे बाळाचा अपमान. पितळ उघडं पडू नये म्हणून मी बाटलीत तेवढंच उकळलेलं पाणी भरून ठेवलं.

एजे, म्हणजे थोरली ताई, आमच्या तंत्रज्ञ. श्वासयंत्रावरचा रुग्ण किती प्राणवायू घेतो, किती कार्बन डायऑक्साइड सोडतो, हे यंत्राला जोडलेला मापक सांगतो. त्यावरून नाकातल्या नळीतून किती अन्न द्यायचं ते ठरतं. मापक खरा की खोटा, हे एजे बंद डब्यात स्पिरिटचा दिवा जाळून बघत. दिवा आधी तोलायचा, नंतर तोलायचा. जळालेल्या स्पिरिटचा हिशोब मापकाशी जुळला पाहिजे.

दुसऱ्या सकाळी तपासणी होती ती कलिमासाठी. शाळेतली बाई, अकरा दिवस यंत्रावर. दोन्ही आकडे पाचव्या हिश्शाने कमी आले.

"मापक कमी दाखवतोय. अन्न वाढवा," मोठे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सहीसाठी पेन काढलं.

अन्न वाढलं की कार्बन डायऑक्साइड वाढणार, तो बाहेर टाकताना कलिमाची छाती थकणार, श्वासाची नळी निघणं लांबणार. हे सगळं ठाऊक असून मी गप्प.

"पेन ठेवा खिशात," एजे म्हणाल्या. "दोन्ही आकडे सारखेच घसरलेत, एकमेकांशी प्रमाण बरोबर आहे. बिघडलेलं यंत्र इतक्या शिस्तीत बिघडत नाही."

त्यांनी चमच्यात स्पिरिट घेऊन पेटवलं. ज्योत विझली. चमच्यात पाणी उरलं.

"कुणाच्या घरी पाळणा हलला?"

पाणी मी भरलं हे ठाऊक असलेले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"डॉक्टर म्हणवतोस ना रे? प्यायचं होतं तर रिकामी बाटली ठेवायचीस. रिकामी बाटली मला दिसते. हे पाणी घालून तू माझ्या हाताने त्या बाईचा घात करायला निघालास. आणि उभा राहून बघत होतास, दगडासारखा."

नवी बाटली उघडली. मापक चोख निघाला. अन्न होतं तेवढंच राहिलं. एजे आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. माझा चहाचा पेलासुद्धा त्यांनी स्वतःच्या टेबलावरून उचलून खिडकीत नेऊन ठेवला.

शेवटी मीच गेलो. "एजे, चुकलो. माफ कराल ना?"

"कलिमाची नळी निघाली की तिला विचार."