लिम आंटींसाठी जेवणारं कोणी

लिम आंटी गेल्या हे मला लिफ्टपाशी कळलं, तेही खाली अंत्यविधीचा मांडव घालणाऱ्या माणसांकडून. भिंतीला भिंत लागून राहणारी बाई, आणि तिच्या मुलाला, केल्विनला, माझं दार ठोठावावंसंही वाटलं नाही!

सार्सच्या साथीनंतर आम्ही इथे परदेशात, बेडोकला फ्लॅट घेतला. पहिल्याच पितृपक्षात मी कॉरिडॉरच्या कठड्यावर सासऱ्यांचं पान ठेवून कावळ्याची वाट बघत होते. कावळा कुठला यायला... इथे बंदुकीनं मारतात त्यांना! शेजारच्या आंटींनी विचारलं, "कोणासाठी?" मी सांगितलं, तशा त्या आतून ब्रश आणि कागद घेऊन आल्या आणि एक चिनी अक्षर काढलं, ग्वेई. "वर मोठं डोकं, खाली पाय. सगळे याला भूत म्हणतात. पण माझे वडील सांगायचे, ते डोकं म्हणजे मुखवटा. फार पूर्वी घरातलंच कोणीतरी मुखवटा घालून गेलेल्या माणसाच्या जागी बसायचं आणि त्याच्या नावानं जेवायचं. तुमचा कावळा तेच करतो ना?" मी मग पान आत आणलं आणि आंटींनाच वाढलं. खीर त्यांनी पुन्हा मागून घेतली. तेव्हापासून दर वर्षी आमच्या श्राद्धाला त्याच जेवायच्या. पुण्याच्या नणंदेनं नाकं मुरडली, मुरडू देत!

"माझ्यामागे सातव्या महिन्यात एक ताट वाढलं तरी पुरे," असं आंटी केल्विनच्या देखत म्हणायच्या. सातवा महिना म्हणजे चिनी लोकांचा पितृपक्षच. आणि या शहाण्यानं काय करावं? त्यांचे ब्रश, अक्षरांचे कागद, सगळं कचऱ्यात! म्हणे घरात भुताखेतांची थेरं नकोत. आईला भूत म्हणताना जीभ कशी झडली नाही याची? परवा सातवा महिना लागला. खाली सगळी बिल्डिंग पितरांसाठी कागदी नोटा जाळतेय, ताटं मांडतेय आणि आंटींच्या दारात साधी उदबत्तीसुद्धा नाही. माझं डोकंच फिरलं. हॉकर सेंटरमधून भात आणि तोफू आणला, त्यांच्या दारासमोर ताट मांडलं, हात जोडले आणि तिथेच फरशीवर मांडी घालून जेवायला बसले.

दार उघडून केल्विन बाहेर आला. "आंटी, इथे बसून काय खाताय?"

"मी नाही खात," मी म्हटलं. "तुझी आई जेवतेय. पाणी आण."