पांढऱ्या दांडीपाशी थांबणारा घोडा

पोळ्याचा फोटो पाठवला तेव्हा तुम्ही दोघांनी एकच गोष्ट विचारलीत: बैलांच्या रांगेत शेवटी घोडा काय करतोय, आणि त्याच्या गळ्यात झेंडूची माळ कोणी घातली? माळ मी घातली. घोड्याबद्दल मात्र फोनवर सांगून भागणार नाही, म्हणून लिहून पाठवते, तेही क्रमाने. बोलायला लागले की तुम्ही मध्येच काहीतरी विचारता आणि मी भलतीकडेच जाते.

घोडा तुमच्या आत्याचा, म्हणजे माझ्या लेकीचा. तिची एक मैत्रीण पुण्याला शर्यतीच्या घोड्यांची डॉक्टर आहे, जशी आत्या इथे परभणीला गायी-म्हशींची. हा घोडा तिथे पळायचा. पुढे तो मागे पडायला लागला आणि मालकाला नकोसा झाला. पाय धड, वयही फार नाही. आत्याने फोनवरच ‘मी नेते’ म्हणून सांगून टाकलं आणि होळीनंतर एका सकाळी झरीच्या आपल्या शेतावर ट्रक येऊन उभा राहिला. आतून तांबड्या अंगाचा, काळ्या आयाळीचा, बरगड्या मोजता येतील असा उंच घोडा उतरला.

शेत माझे दीर बघतात, म्हणजे तुमचे धाकटे आजोबा. त्यांनी घोड्याभोवती एक फेरी मारली.

“वहिनी, नांगराला न्हाई, गाडीला न्हाई, दुधाला न्हाई. करायचं काय ह्याचं?”

“काका, त्याला उडी मारायला शिकवायचंय,” आत्या म्हणाली.

“कशावरून?”

“आडव्या दांडीवरून.”

“आन् दांडीच्या पलीकडं काय हाय?”

“काही नाही.”

दिरांनी थोडा विचार केला. “मंग बाजूनं गेला तर चालंल की.”

उडीचं कारण असं. पुढचा हिवाळा संपला की आत्याची बदली कोकणात होणार होती. तिथे घोडा नेणं शक्य नव्हतं आणि दिरांच्या गोठ्यात त्याला कायमचं ठेवून घ्या, असं म्हणायला तोंड नव्हतं. संभाजीनगरजवळ फौजेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मुलांना घोडेस्वारी शिकवतात. ते आत्याला म्हणाले, “शर्यतीचा घोडा बिथरलेला असतो. पण बुटक्या दांड्यांवरून शांतपणे, आणि एकटा जात असेल, तर मरेपर्यंत सांभाळीन. सोयाबीन निघालं की बघायला येतो.” दुसरं गिऱ्हाईक सेलूचं होतं. लग्नाच्या वरातीला घोडे देणारा माणूस, स्वभावाने बरा. त्याने घोड्याच्या मानेवर हात फिरवला आणि खरं तेच सांगितलं: “माझ्याकडं उपाशी न्हाई राहायचा, ताई. पण डीजे सोसावा लागंल.” हा घोडा दिरांच्या मोटारसायकलच्या आवाजालासुद्धा थरथरत होता. डीजेसमोर त्याचं काय होईल, हे आत्याला बोलून दाखवावं लागलं नाही.

मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. घोड्यातलं मला काही कळत नव्हतं, त्यामुळे काहीही विचारायची मोकळीक होती. दर रविवारी, आणि मधूनही आत्याला सवड असेल तेव्हा, मी तिच्याबरोबर जायचे आणि विहिरीजवळच्या मुरमाड पट्टीच्या कडेला खुर्ची टाकून बसायचे.

पहिली गंमत लगामाची. आत्याने थांबवायला लगाम ओढला की घोडा पळायचा. जास्त ओढला की जास्त पळायचा. मला वाटलं, घोडा हट्टी आहे. आत्या म्हणाली, नाही, तो शहाण्यासारखं वागतोय. शर्यतीत स्वार लगाम ताणून धरतो आणि घोडा त्या ताणावर भार टाकून पळतो. आजवर ओढणं म्हणजे पळ, हेच त्याला शिकवलेलं. म्हणून आधी लगाम सैल सोडायचा, चालायचं, श्वास सोडून खोगिरात जड बसायचं, आणि तो थांबला की मानेवर थोपटायचं. उन्हाळा बहुतेक एवढ्यातच गेला.

दुसरं म्हणजे त्याला एकटं राहता येत नव्हतं. खुंट्याला बांधला की दावं ताणून गोल गोल फिरायचा, कडबा तसाच. पुण्याला तबेल्यात शेजारी घोडेच घोडे; पळतानाही डावीउजवीकडे घोडे. मग दिरांनी त्याला गोठ्यात म्हाताऱ्या बैलाच्या बाजूला बांधला. पहिल्या दिवशी बैलाने शिंग उगारलं. नंतर दोघं एकाच गव्हाणीत तोंड घालायला लागले. बैल रवंथ करायला बसला की घोडा त्याच्या अंगावर सावली पडेल असा उभा राहायचा. का, ते मला अजून कळलेलं नाही.

आता दांड्या. आत्याने बांबू आणवले, त्यांना चुना फासला आणि दोन विटांवर एक ठेवला. त्यावरून कोंबडीही गेली असती. घोडा थांबला. मान वर, नाकपुड्या फुगलेल्या, मागचे पाय वाकलेले. आत्याने टाच लावली तसा तो आडवा पळाला आणि आत्या खाली. लागलं नाही. पण पुढच्या वेळीही तेच आणि त्याच्या पुढच्या वेळीही तेच.

मला कोडं पडलं, कारण बाकी सगळं तो ओलांडत होता. ठिबकच्या काळ्या नळ्या, पाटाचं पाणी, बाभळीची आडवी पडलेली फांदी. मी खुर्चीवरून उठले, बांबूपाशी जाऊन वाकले, घोड्याच्या बाजूने पाहिलं. पांढरा बांबू आणि पलीकडे काळी जमीन, दुसरं काही नाही.

“काय सापडायलंय, वहिनी?” दिरांनी विचारलं.

“भीती शोधतेय.”

“सापडली तर मलाबी दाखवा. आजवर बघितली न्हाई.”

त्या आठवड्यात घरी बसून मी फोनवर घोड्यांच्या शर्यती पाहिल्या. पळणाऱ्या घोड्यांकडे न बघता आजूबाजूला काय दिसतं तेच बघत राहिले. मैदान बदललं, घोडे बदलले, पण पांढरा कठडा काही सुटेना. सगळी शर्यत त्याच्याच कडेने. म्हणजे या घोड्याला लहानपणापासून एक गोष्ट पक्की माहीत असणार: पांढऱ्या आडव्या दांडीच्या पलीकडे जायचं नसतं. आणि आपण त्याला नेमकी तीच दांडी ओलांडायला सांगत होतो.

आत्याला सांगितलं तर ती हसली. “आई, तुझं संशोधन चालू दे. घोडे इतका विचार करत नाहीत.” पण दुसऱ्या दिवशी तिने बांबूवर बारदान टाकलं. घोडा आला, थांबला, लांबून मान ताणून वास घेतला. ओलांडलं नाही, पण पळालाही नाही. मग पाऊस लागला. पट्टीकडे जायच्या वाटेवरच्या काळ्या मातीत घोड्याचे पाय फसतात, म्हणून सगळंच तिथे थांबलं.

पोळ्याला बैल धुतले, शिंगं रंगवली, झुली घातल्या. दीर म्हणाले, “हे बी घरचंच जनावर हाय, एकटंच गोठ्यात का ठेवायचं?” म्हणून घोडाही गावात आला, म्हाताऱ्या बैलाच्या मागे, माझ्या माळेसकट. तुमचा फोटो तेव्हाचा. आपल्याकडे त्या दिवशी दारात मुसळ आडवं ठेवतात आणि बैलांनी ते ओलांडून अंगणात यायचं, मग ओवाळणी आणि पुरणपोळीचा घास. फोटो काढून झाला आणि एकेक बैल आत गेला. म्हातारा बैल मुसळावरून सावकाश पाय उचलून गेला. घोड्याचा कासरा आत्याच्या हातात होता, पण तिचं लक्ष धाकट्या जाऊबाईंच्या ओवाळणीच्या ताटाकडे. घोड्याने मान खाली केली, मुसळाचा वास घेतला, बैलाच्या शेपटीकडे पाहिलं आणि टुणकन उडी मारून आत आला. आत्या कासऱ्याबरोबर ओढली गेली. ताट वाचलं.

“घ्या,” दीर म्हणाले. “बैलानं शिकवलं. फी त्यालाच द्या.” आणि एक पोळी जास्तीची त्यांनी बैलाला चारली.

पाऊस उघडल्यावर मुसळच शेतावर नेलं. जाऊबाईंनी कुरकुर केली, पण दिलं. आधी बैल पुढे, घोडा मागे. मग बैल दांडीच्या पलीकडे नुसता उभा. मग बैल लांब, बांधावर चरत. मुसळाच्या जागी न रंगवलेला बांबू, मग जरा उंच. घोडा एकटा जायला लागला तेव्हा आत्याने चुन्याचा बांबू पुन्हा काढला आणि त्यावर दोन बारदानं घातली. दर खेपेला ती एकमेकांपासून थोडी थोडी सरकवायची. मधला पांढरा तुकडा हळूहळू मोठा होत गेला. एखाद्या दिवशी घोडा थांबे. मग बारदानं परत जवळ. ती कधी रागावली नाही. मी मात्र दोनदा रागावले, मनातल्या मनात.

याच काळात मला आणखी एक कळलं. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना. त्यामुळे अगदी कपाळासमोरचं त्याला दिसत नाही. उडीच्या क्षणी दांडी नजरेतून गेलेली असते. आधी पाहून ठेवलेल्या आठवणीवर तो उडतो. हे कळल्यावर त्याच्या थांबण्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहायला लागले.

सोयाबीन निघालं आणि संभाजीनगरचे गृहस्थ जीपमधून आले. बोलणं कमी. बैल दूर बांधायला लावला. आमच्या बांबूंवरून घोडा शांत गेला, चुन्याच्यासुद्धा. दिरांनी माझ्याकडे पाहून मिशीवर हात फिरवला. मग पाहुण्यांनी जीपच्या टपावरून स्वतःची दांडी सोडली. जाडजूड, तेलरंग दिलेली, उन्हात चकाकणारी पांढरीशुभ्र.

“आता ही,” ते म्हणाले.

घोडा दुडक्या चालीने आला आणि दांडीसमोर थांबला.

“गेलं सेलूला,” दीर पुटपुटले.

आत्याने टाच लावली नाही. लगाम सैल सोडला आणि नुसती बसून राहिली. घोड्याने मान खाली घातली, दांडीला नाक लावलं, फुरफुरला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. तेवढ्यात बांधावरून एक कोतवाल पक्षी उडाला तरी त्याने कान हलवला नाही. मग दोन पावलं मागे आला आणि जागेवरूनच उडाला. गरजेपेक्षा कितीतरी उंच. आत्याचा एक पाय रिकिबीतून सुटला. आयाळ धरून ती कशीबशी टिकली.

पाहुणे जवळ आले. “थांबला कशाला?”

“बघत होता.”

“तुम्ही काय केलंत?”

“बघू दिलं.”

“लगाम ओढा.”

आत्याने ओढला. घोडा पळाला नाही, उभाच राहिला.

ते थोडा वेळ घोड्याचे गुडघे चाचपत राहिले. मग म्हणाले, “न बघता उडी मारणारे घोडे मला पुष्कळ मिळतात. त्यांच्यावर मी बसतो. मुलं घाबरली की लगाम ओढतात, त्यांच्याखाली असा हवा. आधी बघणारा. शनिवारी गाडी पाठवतो.”

आत्या खाली उतरली आणि घोड्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन खोगिराचा पट्टा सोडत बसली. तेवढ्याला इतका वेळ लागत नाही.

शनिवारी गाडी आली. पाहुणे स्वतः बरोबर आले होते. मागची फळी उतरवून ठेवली. घोडा तिथवर आला आणि फळीसमोर थांबला. ड्रायव्हर मागून हाकायला निघाला.

“राहू दे,” पाहुणे म्हणाले, “त्याचं बघून होऊ दे.”

दीर, आत्या, मी, ड्रायव्हर, सगळे उन्हात उभे राहिलो. घोड्याने फळीचा वास घेतला, आतला अंधार पाहिला, मागे वळून गोठ्याकडे पाहिलं, पुन्हा आत पाहिलं. मग एक पाय फळीवर ठेवून आवाज कसा येतो ते ऐकलं, आणि आपला आपण चढला.