एकोणीस इंची खांदा

दुकानाच्या पायरीवर कोणी उभे राहिले की मास्टर मशीन थांबवत, चष्मा कपाळावर सरकवत आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे न पाहता थेट त्याच्या खांद्यांकडे पाहत. मग आकडा सांगत. "साडेसतरा." नमस्कार त्यानंतर. चेहऱ्याची ओळख पटायला त्यांना जरा वेळ लागे. खांद्याची तत्काळ पटे.

त्या नजरेखाली माणूस आपोआप ताठ होई. मी गणिताचा शिक्षक. 'ताठ उभा राहा' हे वाक्य मी नोकरीभर मुलांना ऐकवले, पण त्याचा जेवढा परिणाम झाला नाही, तेवढा मास्टरांच्या एका कटाक्षाचा होत असे.

प्रताप नगरात आमच्या शाळेच्या भिंतीला लागून त्यांचे दुकान होते. शाळेचे गणवेश तेच शिवत. त्यांचे खरे नाव आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. सगळा परिसर त्यांना मास्टर म्हणे आणि ते मला सर म्हणत. माझ्यापेक्षा वयाने चार वर्षांनी मोठे असूनही त्यांनी हे संबोधन कधी सोडले नाही.

ज्यांनी कपडे केवळ तयार घेतले आहेत, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. खांद्याचे माप म्हणजे एका खांद्याच्या हाडापासून मानेमागून दुसऱ्या खांद्याच्या हाडापर्यंतचे अंतर. छाती, पोट, कंबर ही मापे जेवणाखाण्याप्रमाणे बदलतात. खांदा सावकाश बदलतो. म्हणून मास्टर म्हणत, "खांदा जमला का शर्ट जमला. बाकी सारं निभून जाते."

एका जूनमध्ये मी त्यांची रीतसर परीक्षा घेतली. आठवीची वीस मुले रांगेत उभी केली. मास्टर लांबून आकडे सांगत गेले, मी वहीत लिहीत गेलो आणि नंतर प्रत्येकाला टेप लावला. सतरा उत्तरे तंतोतंत बरोबर आली. तीन ठिकाणी पाव इंचाचा फरक होता.

"तीन चुकली, मास्टर," मी म्हणालो.

"चुकली नाई सर. तुमचा टेप पाहून ते तीन पोट्टे आकसले."

मी पुन्हा टेप लावला नाही. शिक्षकाने कुठे थांबावे हे त्याला कळले पाहिजे.

त्यांची आणखी एक पद्धत होती. मुलाचा शर्ट शिवताना ते शिवणीच्या आत बोटभर जास्तीचे कापड दुमडून ठेवत. पुढच्या वर्षी मूल वाढले की आईबाप शर्ट घेऊन येत, मास्टर जुनी शिवण उसवून तो मोठा करून देत आणि त्याचे काही घेत नसत. "पोट्टं वाढते, कापड नाई वाढत," असे म्हणून ते सुई दातांत धरत.

त्यांचा एकुलता मुलगा माझ्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर बसे. हुशार, सडपातळ, मोजके बोलणारा. मास्टर ख्रिस्ती. नाताळच्या आधीचे तीन आठवडे त्यांच्याकडे गर्दी असे, कारण नाताळला नवे कपडे घालूनच चर्चमध्ये जायचे हा रिवाज. सगळ्यांचे कपडे देऊन झाले की चोवीस तारखेच्या संध्याकाळी, दुकान बंद करण्यापूर्वीचे शेवटचे काम म्हणून, ते मुलाचा शर्ट शिवत. मुलगा इंजिनिअर होऊन बंगळुरूला गेला, त्या वर्षी त्यांनी त्याचा खांदा शेवटचा मोजला. सोळा.

पुढे मुलाचे येणे कमी झाले. मास्टरांच्या पत्नी वारल्या तेव्हा तो आला होता, दुसऱ्यांदा एका लग्नाला. दोन्ही वेळा मापे घेण्यासारखे प्रसंग नव्हते आणि त्यांनाही आता बरीच वर्षे झाली होती. दर रविवारी चर्चनंतर मात्र त्याचा न चुकता व्हिडिओ कॉल येई. मास्टर फोन मशीनवर टेकवून ठेवत आणि खुर्ची पुढे ओढत.

नाताळ जवळ आला की ते विचारत, "यंदा काय पाठवू तुले?"

"काई नको बाबा. सगळं आहे इथं."

"तरी?"

"खरंच काई नको. कायले त्रास घेता?"

हे उत्तर मला परिचित होते. माझी मुलगी पुण्यात असते आणि तीही असेच म्हणते. मी तिचे म्हणणे प्रामाणिकपणे मान्य करून गप्प बसत आलो. मास्टरांना ते मान्य नव्हते. त्यांनी एका वर्षी घड्याळ पाठवले. मुलगा वेळ फोनमध्ये पाहतो असे समजले. पुढच्या वर्षी पाकीट पाठवले. तो नोटा बाळगत नाही असे समजले. स्वेटर पाठवला तेव्हा तिकडे थंडीच पडत नसल्याचा शोध लागला. प्रत्येक वेळी मुलगा गोड शब्दांत आभार मानी आणि मास्टर फोन बंद करून मला म्हणत, "सर, याले काई कमी नाई. आता याचं करू काय मी?"

एकदा मी सुचवले, "मास्टर, शर्टच का शिवत नाही?"

ते कात्रीची धार पाहू लागले. "माप नाई ना सर. फोनवर नुसतं मुंडकं दिसते. मुंडक्याचा काय शिवू, टोपरं?"

त्यांनी मुलाला खांदा विचारून पाहिला होता. उत्तर आले, 'एल'. मास्टर त्या उत्तराने खरोखर दुखावले. "एल! सर, एल म्हंजे काय? माणूस हाय का बनियान?" टेप लावून मोजायला सांगितले तर मुलगा म्हणाला, घरात टेपच नाही, राहू द्या. शिंप्याच्या मुलाच्या घरात टेप नाही, हे मास्टरांनी मला दोनदा सांगितले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मुलाने एक फोटो पाठवला. त्याने बंगळुरूला नवा फ्लॅट घेतला होता आणि तो मुख्य दाराच्या चौकटीत बरोबर मध्यभागी उभा होता. कमरेपासून वरचा भाग आणि दाराच्या दोन्ही बाजू स्पष्ट दिसत होत्या. मास्टरांनी तो माझ्यासमोर धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि सवयीने आकडा सांगितला.

"एकोणीस."

मग स्वतःच दचकले. "नाई, नाई. एकोणीस कसा होईल? माह्या पोराचा सोळा हाय."

येथे मी पुढे झालो. वाचकांनी पुढील भाग लक्षपूर्वक वाचावा, कारण चूक याच भागात आहे. मी म्हणालो की फोटोत माणूस आणि दाराची चौकट एकाच अंतरावर आहेत. तेव्हा दाराची रुंदी ठाऊक असेल तर खांदा त्रैराशिकाने काढता येईल. फोटो मोठ्या कागदावर छापून आणला. कागदावर दार बारा सेंटीमीटर भरले, खांदा पाच सेंटीमीटर चार मिलिमीटर. राहिली दाराची खरी रुंदी. मी माझ्या घराचे दार मोजले, मास्टरांच्या घराचे मोजले आणि खात्रीसाठी शेजाऱ्यांचेही मोजले. शेजारीणबाई म्हणाल्या, "काहून सर, दार बदलवून राहिले का आमचं?" तिन्ही दारे छत्तीस इंच. तीन निरीक्षणे जुळल्यावर मी निष्कर्ष काढला.

"सव्वासोळा," मी उत्तराखाली रेघ मारून सांगितले.

मास्टरांचा चेहरा उजळला. "पाहा! मी काय म्हटलं? सोळाच्या जवळचंच हाय. पाव इंच वाढला असंल, बस."

आज मागे वळून पाहता मला वाटते, आम्हा दोघांनाही तेच उत्तर हवे होते. त्यांना शेवटचा मोजलेला मुलगा हवा होता आणि मला दुसऱ्या बाकावरचा माझा सडपातळ विद्यार्थी. तरीही मी विचारले, "पण तुमची नजर एकोणीस म्हणाली होती."

"नजर म्हातारी झाली सर. तुमचं गणित हाय ना."

कापड घ्यायला आम्ही दोघे सीताबर्डीच्या बाजारात गेलो. फिकट निळे, बारीक रेघांचे. अशा मापाच्या शर्टाला जेवढे लागते त्याहून मास्टरांनी बरेच जास्त फाडून घेतले. मी ते लक्षात आणून दिले, तर म्हणाले, "राहू द्या. असू द्या जास्तीचं." त्या वर्षी बाहेरची कामे बाजूला ठेवून त्यांनी तो शर्ट आधी शिवला, कारण पार्सल नाताळपूर्वी पोहोचायला हवे होते. बटणांची काजे हाताने केली.

शर्ट पोहोचला. नाताळच्या कॉलच्या वेळी मी दुकानात मुद्दाम हजर होतो. मास्टरांनी कोट घातला होता, दुकानाबाहेर कागदाची चांदणी लावली होती.

"बसला का बेटा?"

"मस्त बसला बाबा."

"घालून दाखव ना."

"अरे, धुवाले टाकला ना. सकाळीच घातला होता."

मास्टर खूश झाले. पुढच्या रविवारीही शर्ट धुवायला टाकलेला होता. त्यापुढच्या रविवारीही. "सर," ते मला म्हणाले, "कितीक मळवते हा! कोळशाच्या खाणीत कामाले हाय का?" आम्ही दोघेही हसलो. त्यानंतर त्यांनी शर्टाविषयी मुलाला काही विचारले नाही आणि माझ्याशीही तो विषय काढला नाही. मला समजायला हवे होते. समोरचे मूल उत्तर पाठ करून म्हणते आहे की समजून, हे ओळखण्यातच माझे आयुष्य गेले होते.

मार्चमध्ये मास्टर गेले. दुपारी दुकानात मशीनवर डोके ठेवून बसलेले आढळले.

मुलगा आला. दफनानंतर तिसऱ्या दिवशी तो दुकान रिकामे करत असल्याचे कळले म्हणून मी गेलो. पायरीवर माझी चाहूल लागली तसा तो वळला आणि मी, कोणास ठाऊक कसा, प्रथम त्याच्या खांद्यांकडे पाहिले. मला टेपची गरज भासली नाही. इतकी वर्षे मास्टरांच्या शेजारी बसून तेवढे शिकलो होतो. दुसऱ्या बाकावरचा मुलगा तेथे नव्हता. मध्यमवयाकडे झुकलेला, रुंद, थकलेला पुरुष होता.

"तुझ्या घराचे दार किती रुंद आहे रे?" मी विचारले. सांत्वनाला गेलेल्या माणसाने विचारावा असा हा प्रश्न नव्हे, याची मला कल्पना आहे.

तो गोंधळला, पण विद्यार्थी होता, म्हणून उत्तर दिले. "साडेतीन फूट सर. सोफा आत जाते का नाई म्हणून मोजलं होतं. काहून?"

बेचाळीस इंच. मी तेथेच स्टुलावर बसलो आणि त्याला सगळे सांगितले. फोटो, तीन दारे, रेघ मारलेले उत्तर. बंगळुरूचे एकही दार मी मोजले नव्हते. "तुझ्या वडिलांची नजर बरोबर होती," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

त्याने कोपऱ्यातली बॅग उघडून शर्ट काढला. घडी जशी आली तशीच होती. "खांद्यातून चढतच नव्हता सर. बाबांले सांगवलं नाई. पेटीत त्यांच्यापाशी ठेवावा म्हणून आणला होता. मंग वेळेवर हिंमत नाई झाली."

मी शर्ट हातात घेतला. काजे पाहावीत म्हणून तो उलटा केला आणि थांबलो. बाहीच्या शिवणीच्या आत जाड घडी होती. दोन्ही खांद्यांना, बाहीच्या वरच्या टोकाला आणि बगलेपासून खाली घेरापर्यंत दोन्ही कडांना. एवढे कापड ते आठवीच्या मुलालाही ठेवत नसत. मास्टरांची पट्टी टेबलावर पडली होती. मी एका खांद्याची घडी मोजली, मग दुसऱ्या. दोन्ही मिळून पावणेतीन इंच. सव्वासोळात पावणेतीन मिळवले की किती होतात, हे मी त्याला फळ्याशिवाय सांगितले.

"एकोणीस," तो हळूच म्हणाला.

वरून त्यांनी माझे गणित शिवले होते. आत स्वतःची नजर ठेवली होती. शर्ट लहान झाल्याचे मुलाने एका शब्दाने सांगितले असते, तर मास्टर उसवून मोठा करून देणार होते. त्यासाठी मुलाला शर्ट घेऊन यावे लागले असते. नाताळपासून दर रविवारी ते त्याच एका तक्रारीची वाट पाहत होते.

मुलगा बराच वेळ त्या घडीवरून अंगठा फिरवत राहिला. मग त्याने विचारले, "सर, हे उसवून मिळंल का?"

इतक्या वर्षांत त्याने मागितलेली ही पहिली गोष्ट मी ऐकली. मी म्हणालो की मला उसवता येत नाही. पण चौकात दुसरे एक शिंपी आहेत, कामाला चांगले आहेत, तासाभरात करून देतील. त्याने बंद मशीनकडे पाहिले.

"नको," तो म्हणाला आणि शर्टाची घडी होती तशी घालून बॅगेत ठेवली. संध्याकाळच्या गाडीने तो गेला.

दुकानात आता मोबाइलची कव्हरे मिळतात. मी रोज सायंकाळी फिरायला त्याच रस्त्याने जातो आणि पायरीसमोर क्षणभर थांबतो. तेथे पोहोचताच माझी पाठ सरळ होते, खांदे आपोआप मागे जातात. आतला तरुण दुकानदार वर पाहतो, "काका, काई पायजे का?" असे विचारतो. मी काही नको म्हणतो आणि तसाच ताठ पुढे चालू लागतो.