पांढऱ्या पडलेल्या वाट्या
परवा सराफाकडून मंगळसूत्राच्या वाट्या उजळून आणल्या आणि सॅक्रमेंटोजवळचं ते भाड्याचं घर आठवलं. मला सातवा महिना होता. गाडी नवरा ऑफिसला न्यायचा आणि मी डिपेंडंट व्हिसावर दिवसभर घरात अडकलेली. किचन घरमालकाचं आणि आमचं एकच. तो म्हातारा नदीतल्या वाळूतून सोन्याचे कण शोधायचा, ते पाऱ्यात घोळवायचा आणि मग पारा गॅसवर तापवून उडवायचा, मागे सोनं उरायचं. एकदा त्याने कौतुकाने पाऱ्याचा वाडगा दाखवला. मी बघायला वाकले, मंगळसूत्र आत टेकलं आणि वाट्या पांढऱ्याफटक पडल्या. मला रडूच फुटलं. "तापवलं की सोनं परत दिसेल. तू खोलीत जाऊन बस," तो म्हणाला. पण मंगळसूत्र परक्याच्या हाती सोडून कशी जाणार? थंडीमुळे खिडक्या बंद होत्या. त्याने वाट्या पॅनमध्ये ठेवून गॅस पेटवला आणि त्या पिवळ्या होईपर्यंत मी पॅनला खेटून उभी राहिले. पाऱ्याच्या वाफेने पोटातल्या बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो, पुढे हात थरथरू शकतात, हे संध्याकाळी नेटवर वाचून नवरा एवढंच म्हणाला, "अगं, तू तिथेच उभी होतीस?" डॉक्टर म्हणाले, आत्ता काहीच सांगता येणार नाही. लेक आता कॉलेजात आहे, ठणठणीत आहे. तरी ती आरशासमोर आयलायनर लावायला लागली, की हात थरथरतोय का, ते मी दारातून बघत राहते.