गळ्यावरची आंबेहळद

आईच्या रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा मला आधी आनंदच झाला. थायरॉइडचा आकडा भलताच वाढलेला होता. वर्षभर आई बसल्या जागी पेंगायची, तिचा स्वयंपाकाला हात उचलायचा नाही, आणि त्यापायी बाबा तिला मारायचे. कधी हाताने, कधी पट्ट्याने, एकदा तापलेल्या उलथन्याने. बदलापूरच्या शिरगावातल्या आमच्या बिल्डिंगच्या भिंती पातळ. शेजाऱ्यांना सगळं ऐकू जायचं आणि ते टीव्हीचा आवाज वाढवायचे. आता माझ्याकडे पुरावा होता. मी रिपोर्ट बाबांच्या ताटाशेजारी आपटला आणि म्हटलं, ती आळशी नाही, आजारी आहे.

बाबा भरल्या ताटावरून उठले. खरकट्या हाताने त्यांनी आईचा गळा धरला आणि तिला फ्रिजवर दाबलं.

"कुठंय तुझा थायरॉइड? बघू दे ना मला पण."

फ्रिजवरची लोणच्याची बरणी खाली पडून फुटली. आईच्या तोंडून आवाज निघत नव्हता, नुसते पाय लादीवर घासत होते. मी पोळपाट उचलून बाबांच्या पाठीत घातला, तेव्हा कुठे त्यांनी तिला सोडलं. मग वळून माझ्या कानफटात दोन लगावल्या आणि परत बसून उरलेला भात संपवला. माणूस इतका निवांत कसा जेवू शकतो, याचा मला अजून संताप येतो.

उल्हासनगरच्या थायरॉइडच्या डॉक्टरीणबाईंची वेळ दोन दिवसांनंतरची मिळाली होती. मला आधी पोलिसांत जायचं होतं, आई म्हणाली आधी डॉक्टर. मी जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं फाइलमध्ये लावली. आईची तयारी निराळीच चालली होती. गळ्यावर बोटांचे वळ उठले होते आणि डॉक्टर नेमका गळाच बघणार. भांडी घासताना ती 'बाथरूममध्ये पडले' एवढंच घोकत होती. मी चिडून विचारलं, आपल्या बाथरूमला बोटं आहेत का? तिने पुढचं पातेलं घासायला घेतलं.

मुका मार म्हटला की आमच्याकडे आंबेहळद. आईने ती सहाणेवर उगाळली, वळांवर जाड लेप दिला आणि तसाच ठेवून झोपली. सकाळी साबण लावून कितीही घासलं तरी पिवळा रंग सुटेना. निळ्या वळांवर तो चढून सगळं हिरवट दिसायला लागलं. लपवायला गेली आणि लांबूनही दिसेल असं करून बसली. शेवटी तिने वर पावडर थापली आणि पदर गळ्याभोवती आवळून घेतला.

बाबाही निघाले. मी तिला काहीबाही शिकवीन, म्हणून. रिक्षात ते मध्ये बसले आणि बदलापूर सुटल्यापासून अंबरनाथ मागे पडेपर्यंत आईचं मनगट दाबून धरलं. त्यांना चालत्या रिक्षातून बाहेर ढकलावं, असं मला खरंच वाटत होतं.

डॉक्टरीणबाई सिंधी, मराठी मोडकंतोडकं पण गोड. त्यांनी पदर बाजूला करायला सांगितला. आईने केला. बाईंनी तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला, गळ्यावर हलकेच बोटं ठेवली आणि घोट गिळायला सांगितलं. गिळताना आई कळवळली.

"आंटी, ये क्या हुआ? कसं झालं?"

"बाथरूममध्ये पडली," बाबा म्हणाले. आईचं घोकलेलं वाक्य त्यांनीच वापरून टाकलं.

आईने ग्लास टेबलावर ठेवला. स्वतःचा उजवा हात उचलला आणि आरशात बघून टिकली लावावी तसं सावकाश, एकेक बोट बरोबर त्या हिरव्या डागांवर ठेवत गेली.

"अंगठा इथे होता," ती म्हणाली. "आणि बोटं या बाजूला."

बाबा खुर्चीतून उठले. बाईंनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. ते बाहेर गेले आणि मी आतून कडी लावली.