चहाच्या पेटीतलं झाड

मोहाडीच्या बाजारात गोपीचंद शेठकडून तांदूळ नेणाऱ्याला घरी गेल्यावर दोन कामं असत. आधी तांदूळ निवडायचा आणि मग निवडलेले खडे बघून गोपीचंदला शिव्या द्यायच्या. गोपीचंदला त्याचं वाईट वाटत नसे. खडे काही तो वेगळ्या भावानं विकत नव्हता, तांदळाच्याच भावात देत होता, तेव्हा व्यवहार चोख आहे असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

अशा माणसाची मुलगी नागपूरला बी.एस्सी. करत होती, आणि तीही झाडांचं शास्त्र घेऊन. "झाडाचं कायचं आलं शास्त्र?" गोपीचंद म्हणे. "लावलं तं उगवते, तोडलं तं जळते." एवढ्या ज्ञानासाठी वसतिगृहाची फी भरावी लागते, याचं त्याला मनापासून नवल वाटे.

एक्याऐंशी सालच्या मे महिन्यात चंद्रकांता सुट्टीवर आली, ती कॉलेजच्या सहलीत शिलाँगच्या एका बागवाल्याकडून घेतलेलं रोप सांभाळत. लांब पानं, आणि पानाच्या टोकाला झाकण असलेली चिमुकली सुरई लटकलेली. नाव घटपर्णी. माशी किंवा मुंगी वासाला भुलून काठावर येते, घसरून आत पडते आणि झाड तिला पचवून टाकतं, असं तिनं समजावून सांगितलं. गोपीचंद बराच वेळ त्या सुरईकडे बघत राहिला.

"म्हणजे गिऱ्हाईक आत गेलं की बाहेर येत नाई," तो म्हणाला. उभ्या जन्मात त्याला पहिल्यांदा एखादं झाड आपल्या धंद्यातलं वाटलं.

त्याच दिवसांत लाखांदूरच्या यादोरावांकडून चंद्रकांतासाठी मागणी आली होती. यादोरावांची राइस मिल होती, आणि मुलगाही होता. गोपीचंदला दोन्ही पसंत होते, मिल जरा जास्त. चंद्रकांताला मात्र पुढे एम.एस्सी. करायची होती. घरात रोज वाद होई. शेवटी गोपीचंदनं व्यापाऱ्यासारखा सौदा मांडला.

"हे तुहं झाड दिवाळीपर्यंत या घरात जगलं, तं शीक एम्मेस्सी. मेलं, तं लाखांदूर. मंजूर?"

मालाची पारख असल्याशिवाय गोपीचंद सौदा करत नसे. शिलाँगच्या धुक्यातलं झाड, आणि मोहाडीचा मे महिना. इथे त्या दिवसांत माणसंही ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवावी लागतात. चंद्रकांता मात्र "मंजूर" म्हणाली.

नागपूरला अशा झाडांसाठी काचेच्या पेट्या मिळतात, असं तिनं सुचवून पाहिलं. गोपीचंदनं ते ऐकलंच नाही. मग तिनं दुकानातली गोळ्यांची रिकामी बरणी घेतली, त्यात रोप ठेवलं, झाकण लावलं आणि बरणी खिडकीत मांडली. दमटपणा राहिला पण ऊनही राहिलं, आणि एका दुपारीत आतल्या पानांची भाजी शिजली. तळाशी एक कोंब तेवढा हिरवा उरला. गोपीचंदनं "अरेरे" म्हटलं आणि मिशीत हसला.

पोरगी बापाचीच होती, सौद्यात हटणारी नव्हती. तिनं मागच्या अंगणातून चहाची रिकामी पेटी काढली आणि आडवी करून सावलीच्या भिंतीला लावली. खताच्या पोत्याच्या आतलं प्लास्टिक धुऊन पेटीच्या तोंडावर ताणून बसवलं. तळाशी फुटक्या परातीत रेती, रेतीत पाणी, पाण्यात उलटी वाटी, आणि वाटीवर कुंडी, म्हणजे हवा ओली राहील पण मुळं बुडणार नाहीत. मोडक्या कूलरचा वाळा एका बाजूला ठोकला, वरून ओलं बारदान टाकलं. सगळं फुकटात झालं. गोपीचंदला विरोध करायला काही जागाच उरली नाही, कारण फुकटाला विरोध करण्याची त्याला सवय नव्हती.

पावसाळा लागेपर्यंत कोंबाला वीतभर पानं आणि एक सुरई फुटली, तशी ती नागपूरला निघाली. जाताना तिनं बजावलं, "बाबा, पाणी पावसाचंच द्याजा, विहिरीचं नाई. अन् खत बिलकुल नाई. याले भुकेलं ठेवलं तरच जगते हे."

"आन् असं माशा खाणारं झाड का फक्त तिकडच्या डोंगरातच असते?"

"आपल्या धुऱ्यावरही असते की याची बहीण. बारीक, लालचुटुक, चिकट. दवबिंदू म्हणतात."

"माह्या धुऱ्यावर? मी का आंधळा आहो?" गोपीचंद म्हणाला. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे खाचराच्या बांधावरून, त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. अर्थात त्यानं तिथे गवत सोडून काही पाहिलं नव्हतं, कारण विकण्यासारखं तिथे काही नव्हतं.

तर अशा रीतीनं चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या आल्या. झाड मेलं तर ज्याची मिल होणार, तोच झाडाचा राखणदार.

आणि इथेच गोपीचंदचा घात झाला. त्याला झाड आवडू लागलं. दुकानातल्या गुळावरच्या माशा ते गुपचूप गट्ट करी. आपलं आपण कमावून खाई, पगार मागत नसे, उधारी करत नसे, वर तोंड करून बोलत नसे. घरात आजवर असा एकही प्राणी राहिला नव्हता. त्यानं पेटी उचलून काट्यामागे दुकानात आणली. प्लास्टिकमधून नीट दिसेना, म्हणून वडिलांच्या फोटोची काच काढून पेटीला बसवली. त्याच्या बायकोनं, ललिताबाईंनी, आकाशपाताळ एक केलं, तेव्हा तो म्हणाला, "बाबा का जितेपणी काचेच्या मागं बसत होते?" घरातली पातेली छपराच्या पन्हाळीखाली पावसाचं पाणी धरायला गेली आणि वरण कढईत शिजू लागलं.

श्रावणात झाडाला नवी सुरई आली. गोपीचंद येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून ती दाखवू लागला. पोटच्या पोरीच्या पहिल्या पावलाचं त्याला एवढं कौतुक झालं नव्हतं, हे ललिताबाईंना चांगलं आठवत होतं.

"शेठ, झाड जगलं तं मिल गेली न तुमची?" लोक चिडवत.

"दिवाळी लांब आहे अजून," तो म्हणे आणि बारदान ओलं करायला उठे.

पाऊस सरला, कोरडा वारा सुटला आणि पानं पिवळी पडू लागली. नेमके तेव्हाच यादोराव लाखांदूरहून एस.टी.नं आले, लग्नाचं पुढचं बोलायला. त्यांनी चहा घेतला आणि पेटीत डोकावले.

"पिवळं पडून राहिलं हे. युरिया मारा न चिमूटभर. धान पिवळा पडला तं काय करतो आपण?"

आमच्या जिल्ह्यात काहीही पिवळं पडलं की हेच उत्तर मिळतं. कावीळ तेवढी वाचली आहे. यादोरावांच्या मनात काळंबेरं नव्हतं, ते धानाच्या माणसासारखे बोलले आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. गोपीचंदला पोरीचं बोलणं आठवत होतं. पण एवढं भुकेलं, पिवळं लेकरू समोर दिसत असताना पुस्तकातलं कोण ऐकतो? ज्या माणसानं जन्मात गिऱ्हाईकाला वरची मूठ दिली नव्हती, त्यानं त्या दिवशी चिमटीऐवजी मूठभर युरिया टाकला. आयुष्यातलं त्याचं पहिलं औदार्य ते.

आठवडी बाजार भरायच्या आत झाड काळं पडलं. सुरया वाळल्या, कोंब मऊ होऊन मान टाकून बसला.

ललिताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "मारलं न अखेर? मिलीपायी पोरीचं झाड मारलं तुमी."

"अवो, मी जगवाले गेलो होतो."

"हो. अन् तांदळात खडे आपोआप पडतात."

गोपीचंदनं काळा पडलेला कोंब उपटून बाहेर काढला. आजवर त्याचं खोटं बाजारात सहज खपलं होतं, आणि आज खरं बोलायची वेळ आली तर घरातसुद्धा गिऱ्हाईक नव्हतं. सौदा तो जिंकला होता. मिल मिळाली होती. पण दिवाळीला चंद्रकांता येईल, पेटीत बघेल आणि मग लोक घरी नेलेल्या तांदळाकडे बघतात तशी बापाकडे बघेल, हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. वाईट वाटण्याची सवय नसल्यानं त्याला आधी पित्त झालं असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मोहाडीच्या शेठला लोकांनी तलावाखालच्या बांधीत, धोतर खोचून, धुऱ्यावर रांगताना पाहिलं. काही हरवलं काय म्हणून विचारलं, तर तो "हो" म्हणाला. उन्हं चढल्यावर त्याला ती दवबिंदू सापडली. ओल्या मातीला चिकटलेली, लाल, पानांवर दवाचे थेंब, आणि एका थेंबात अडकलेलं चिलट. खुरप्यानं ढेकळासकट उचलून त्यानं ती पेटीत लावली.

दिवाळीला चंद्रकांता आली आणि पिशवी खांद्यावरून न उतरवता पेटीसमोर बसली. वीतभर पानांचं झाड ठेवून ती गेली होती. आता तिथे आठ आण्याच्या नाण्याएवढं लाल काहीतरी होतं.

"थंडीनं आकसलं थोडं," गोपीचंद काट्याच्या पारड्याकडे बघत म्हणाला. "पण जगलं. मी सौद्याले पक्का आहो. शीक तुही एम्मेस्सी."

झाडांच्या शास्त्राच्या त्या विद्यार्थिनीनं काचेला नाक लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाप आयुष्यभर लोकांना फसवत आला होता, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. स्वतःचं नुकसान करून घ्यायला त्यानं केलेली फसवणूक ती पहिल्यांदाच पाहत होती, आणि तीही इतकी ढोबळ, की बाजारात शेंबड्या पोरानं पकडली असती.

"हो बाबा," ती म्हणाली. "थंडीनं होते असं."

एम.एस्सी. झाली, पुढे नागपूरच्या कॉलेजात नोकरी लागली, लग्न तिनं मागाहून आपल्या पसंतीनं केलं. यादोरावांच्या मिलीत दुसरी सून आली. गोपीचंदच्या तांदळात खडे पूर्वीइतकेच राहिले. कोणाचा गैरसमज नको. धुऱ्यावरचं ते झाड दर उन्हाळ्यात मरे, आणि दर वर्षी दिवाळीआधी गोपीचंद धोतर खोचून धुऱ्यावर रांगे. चंद्रकांता आली की विचारी, "झाड बरं आहे न?" आणि तो सांगे, "तेच आहे. धडधाकट."

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीला गोपीचंद खाटेवर होता. डाव्या पायातली शक्ती गेली होती. पेटी उन्हाळ्यापासून रिकामी होती आणि धुऱ्यावर जाणं शक्य नव्हतं. धनत्रयोदशीला चंद्रकांता आली, तेव्हा त्यानं झोपेचं सोंग घेतलं. ते खपलं असं समजून त्याचा खरंच डोळा लागला.

उठला तेव्हा पेटी खाटेजवळ आणून ठेवलेली होती. काच पुसलेली होती. आत ओल्या ढेकळात लालचुटुक दवबिंदू बसली होती. शेजारी चंद्रकांता तांदूळ निवडत होती. तिच्या साडीचा काठ चिखलानं माखला होता.

गोपीचंदनं काठाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं.

"झाड कसं आहे?" त्यानं विचारलं.

चंद्रकांतानं एक खडा उचलून बाजूला टाकला.

"तेच आहे, बाबा," ती म्हणाली. "धडधाकट."